अमारोने आणि तांबडा रस्सा: एका फसलेल्या बेताची गोष्ट

आदिजेकाठी

दिवाळीत आमच्याकडे अकरा मराठी माणसं जमली होती. पादोव्हाहून दोघं, मिलानहून एक जोडपं, बाकी इथलेच. नवरा कोल्हापूरचा, त्यामुळे बेत ठरलेला: सुकं मटण, तांबडा, पांढरा. आणि मी, इटलीतल्या व्हेरोनात सात वर्षं काढल्याचा माज म्हणा, जपून ठेवलेल्या अमारोनेच्या दोन बाटल्या काढल्या. इथली सगळ्यात मानाची रेड वाईन. पाहुण्यांना इथलं काहीतरी चांगलं द्यावं, एवढाच हेतू.

तांबड्याचा भुरका आणि त्यावर अमारोनेचा घोट. टेबलावर एकदम शांतता. मग मिलानच्या काकू (वय बत्तीस, पण स्वभावाने काकूच) म्हणाल्या, "अगं, खोकल्याच्या औषधात मिरची उकळलीये का?" दहा मिनिटांत सगळे ग्लास बाजूला आणि बिअरचे कॅन टेबलावर. एक बाटली कशीबशी संपली, दुसरी अर्धी राहिली.

ती अर्धी बाटली दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांकडे (आपल्याकडचे आजोबा म्हणा) नेली. वय ऐंशीच्या घरात, जन्म इथल्याच टेकड्यांमधला. कशासोबत प्यायलात, असं त्यांनी विचारल्यावर मी रश्श्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. त्यांनी काही न बोलता फ्रीजमधून मोन्ते व्हेरोनेझे चीजचा तुकडा काढला. चांगलं जुनं झालेलं, पिवळट, कडेला खरबरीत. कापलं नाही, सुरीचं टोक खुपसून ढेकूळ फोडल्यासारखं फोडलं. एक खडा माझ्या हातावर ठेवला आणि मग दोन बोटं वाईन ओतली. वाईन तीच होती. रात्री घसा पोळणारी ती आता सुकवलेली चेरी, मनुका, कोको आणि अगदी शेवटी कडू बदामासारखी लागली. चीजच्या खारटपणाने तिची धार बोथट केली होती.

तेव्हापासून महिनाभर हाच अभ्यास चालू आहे. जे कळलं ते लिहिते.

व्हेरोनाच्या उत्तरेला लेस्सिनी डोंगरांच्या पायथ्याशी वाल्पोलिचेल्ला नावाचा टेकड्यांचा पट्टा आहे. द्राक्षं मुख्यतः कोर्व्हिना, तिच्या जोडीला कोर्व्हिनोने आणि रोंदिनेल्ला. याच द्राक्षांची साधी वाल्पोलिचेल्ला हलकी, रोजच्या जेवणातली. अमारोनेसाठी मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडून तोडलेले घड लगेच चिरडत नाहीत. हवेशीर माळ्यावर एकेका थरात पसरून तीन-साडेतीन महिने सुकवतात. या माळ्याला फ्रुत्तायो म्हणतात आणि सुकवण्याला अप्पास्सिमेंतो. वजन तिसरा हिस्सा ते ४० टक्क्यांपर्यंत घटतं, साखर आटते, आणि मग हिवाळ्यात ती सुरकुतलेली द्राक्षं आंबवायला घेतात. थंडीमुळे आंबणंही सावकाश. अल्कोहोल कायद्याने किमान १४ टक्के, पण बाटलीवर १५-१६ सर्रास दिसतं. नंतर निदान दोन वर्षं मुरवणं, बाटलीवर रिझेर्व्हा (जास्त मुरवलेली) लिहिलं असेल तर चार.

एका बाटलीला जवळजवळ दोन किलो द्राक्षं लागतात. किंमत तिथून सुरू होते.

आता जेवणाचं. इथले लोक ही वाईन रोज पीत नाहीत. रविवारी, नाताळात, हिवाळ्यात, आणि सोबत तासन् तास शिजलेलं काहीतरी: वाईनमध्ये मुरवून मंद आचेवर शिजवलेलं गोमांस आणि पोलेंता (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), बदकाच्या मांसाचा सॉस घातलेल्या बिगोली (जाड शेवया समजा), किंवा अमारोनेचाच रिसोत्तो (इथला मऊसर, रसदार भात). एक पदार्थ ऐकून अनेकांचा घास अडकेल: पास्तिस्सादा दे कावाल, म्हणजे घोड्याच्या मांसाचा रस्सा. दंतकथा अशी की इसवी सन ४८९ मध्ये ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक आणि तेव्हा इटलीवर राज्य करणारा ओडोअकर यांची व्हेरोनापाशी लढाई झाली, मैदानात घोडे मरून पडले, उपाशी लोकांनी ते मांस वाईन आणि मसाल्यांत मुरवून शिजवलं. मी अजून धीर केलेला नाही.

तर प्रश्न असा: आपल्या स्वयंपाकातलं काही हिच्याशी जमतं का? कुणी करून पाहिलंय?

नाठाळ_नाना

पहिला घोट आणि काकू, इथेच धागा वसूल. बाकी, दोन बाटल्यांत अकरा माणसं म्हणजे तुम्ही देशस्थ काय?

आदिजेकाठी

नाना, बाटलीची किंमत सांगितली तर तुम्हीही देशस्थ व्हाल. इथे चांगली अमारोने घ्यायची तर ४०-४५ युरो धरून चाला.

काचनळी

तांबड्याचा दोष नाही आणि वाईनचाही नाही. मिरचीतला तिखट घटक आणि अल्कोहोल, दोन्ही तोंडातल्या त्याच एका यंत्रणेला डिवचतात, जी मेंदूला "पोळलं" असा निरोप देते. म्हणून १२ टक्क्यांच्या वाईनने जे जरा चुरचुरलं असतं, ते १६ टक्क्यांच्या वाईनने पेटतं. त्यात रेड वाईनमधलं टॅनिन तोंड कोरडं करतं. (कच्च्या केळ्याने किंवा कडक कोऱ्या चहाने जीभ आवळते ना, तेच.) कोरड्या जिभेवर तिखट जास्तच झोंबतं. टॅनिनला पकडायला प्रथिनं आणि स्निग्धपणा लागतो. सिन्योरांनी चीजचा खडा दिला तो उगाच नाही.

तिखट रश्श्यासोबत काही हवंच असेल तर कमी अल्कोहोलची, जराशी गोडसर, गार पांढरी वाईन बघा. किंवा सोलकढी. मी सोलकढीच्या बाजूने.

उंबरठा

नावाचा उच्चार शेवटच्या "ने"सकट ना? मुंबईच्या एका हॉटेलात वेटर "अमारोन" म्हणाला आणि मीही मान डोलावली.

आदिजेकाठी

हो, अ-मा-रो-ने. अमारो म्हणजे कडू, पुढे -ओने लागला की थोरला. म्हणजे "भलतीच कडू". प्रत्यक्षात काही कारल्यासारखी कडू नाही. नाव पडलं ते तिच्या गोड बहिणीमुळे. याच सुकवलेल्या द्राक्षांची मूळ पारंपरिक वाईन म्हणजे रेचोतो, आणि ती गोड असते, कारण सगळी साखर संपायच्या आत आंबवणं थांबतं. इथल्या बोलीत रेचा म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला फुटलेले दोन कानांसारखे घोस, त्यांना ऊन जास्त, म्हणून ते निवडायचे. त्यावरून रेचोतो. साखर पूर्ण संपू दिली की अमारोने.

संशयात्मा

इथे १९३६ ची गोष्ट येणारच, म्हणून आधीच घालतो. नेग्रारच्या सहकारी वाईनरीत रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं, बऱ्याच दिवसांनी उघडलं तर गोडवा गायब. तळघर सांभाळणाऱ्याने चाखून म्हटलं, ही अमारो नाही, ही तर अमारोने! गोष्ट छान आहे. पण विसरलेल्या पिंपातून, नासलेल्या दुधातून आणि करपलेल्या भाकरीतून जगातले निम्मे पदार्थ जन्मले म्हणतात, तेव्हा चिमूटभर मीठ लावून घ्या. रेचोतो मधूनमधून असा "बिघडत" असणारच. फार तर त्या वर्षी बिघाडाला नाव मिळालं.

मला जास्त भावतो तो कासिओडोरस. सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजांच्या दरबारातला मोठा अधिकारी. त्याने एका सरकारी पत्रात व्हेरोनाकडच्या अशाच, द्राक्षं टांगून सुकवून हिवाळ्यात केलेल्या वाईनची मागणी केली आहे. इतकी दाट की तिला मांसल पेय म्हणावं की पिता येणारं अन्न, असा तो प्रश्न करतो. तो ज्याच्या पदरी होता तो थिओडोरिक म्हणजे तुमच्या घोड्यांच्या लढाईतलाच.

तासगावचा_मणी

धागा उशिरा दिसला. दारूतलं मला कळत नाही, पण द्राक्ष सुकवण्यातलं कळतं. आमचं घरच बेदाण्यावर चालतं.

ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचून मी दोनदा मागे जाऊन बघितलं. तीन-साडेतीन महिने? आमच्याकडे पंधरा-वीस दिवसांवर माल शेडमध्ये राहिला तर वडिलांना झोप लागत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल आमचा हंगाम. घड तोडले की डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे. त्याने मण्यावरचा मेणाचा पापुद्रा ढिला होतो आणि पाणी झपाट्याने उडतं. मग शेडमध्ये जाळीवर, एकावर एक मजले. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा. एवढ्यात अवकाळी आला की संपलं, माल काळा पडतो आणि सौद्याला दर पडतो.

म्हणजे आम्ही मेण काढतो लवकर सुकावं म्हणून, आणि ते मेण ठेवतात सावकाश सुकावं म्हणून, असंच ना? आणि ३५-४० टक्क्यांवर थांबतात म्हणजे तो बेदाणा नव्हेच. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या दिवशी मणी जसा मऊ, लुळा पडतो, तसा असणार. त्या अवस्थेतला खाऊन बघा कधी, बेदाण्यापेक्षा गोड लागतो.

एक विचारायचं होतं: वेली मांडवावर असतात की वाय पद्धतीच्या (इंग्रजी Y सारख्या आधारावर दोन्हीकडे पसरलेल्या)?

आदिजेकाठी

तुमच्या प्रतिसादासाठीच बहुतेक हा धागा काढला होता!

वेली मांडवावरच. इथे त्याला पेर्गोला म्हणतात. पानांखाली घड लोंबतात, पानं छत्री धरतात. नव्या बागांमध्ये तारांवर सरळ बांधलेल्या वेलीही दिसतात, पण जुने लोक मांडवाचेच. घड सुटे, मोकळे हवेत, दाटीवाटीचे नकोत, नाहीतर सुकताना आतून बुरशी धरते.

गेल्या आठवड्यात एका फ्रुत्तायोत जाऊन आले. पोटमाळ्यासारखी लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या. एका कोपऱ्यात जुने बोरूच्या काड्यांचे ताटवे जपून ठेवलेत, त्यांना आरेले म्हणतात. पूर्वी त्याच ताटव्यांवर रेशमाचे किडेही पाळायचे. आता बहुतेक माल उथळ क्रेटमध्ये, एकच थर. मालकाने एक मणी तोडून दिला. साल जाड, चामट, आतला गर जॅमच्या वाटेवर, आणि तरीही आंबटपणा शाबूत. तो म्हणाला, द्राक्ष तोडलं म्हणजे मेलं असं नाही, इथे ते अजून जगत असतं. नुसतं पाणी उडत नाही, आतलं बरंच काही बदलत असतं. म्हणून त्यांना घाई नको.

त्यांचा अवकाळी म्हणजे धुकं. ओलसर हवा राहिली की मोठे पंखे लावतात, काही ठिकाणी हवेतला ओलावा शोषणारी यंत्रंही आहेत. खिडक्या कधी उघडायच्या, कधी लावायच्या यावर घरात भांडणं होतात म्हणे.

तासगावचा_मणी

शेडचा पडदा सोडायचा की गुंडाळायचा यावर आमच्याकडेही होतात. वडील आणि चुलते, दरवर्षी.

तव्यावरची

रिसोत्तो नीट सांगा ना. आणि आंबेमोहोर चालेल का?

आदिजेकाठी

आंबेमोहोराचा प्रयोग मी पहिल्याच वर्षी केला. जांभळा गुरगुट्या भात झाला. चिकटपणा आहे, पण दाणा टिकत नाही, आणि त्याचा स्वतःचा वास वाईनशी भांडतो. इथे व्हिआलोने नानो घेतात, व्हेरोनाच्या दक्षिणेला ईझोला देल्ला स्काला भागात पिकतो. आखूड, गुबगुबीत दाणा, भरपूर रस पितो आणि मध्ये कणी राहते. तो नाही मिळाला तर आर्बोरिओ.

चौघांना ३२० ग्रॅम तांदूळ. लोण्यात अर्धा कांदा अगदी बारीक चिरून, लाल न करता मऊ करायचा. तांदूळ न धुता (हो, न धुता, सासूबाईंना सांगू नका) त्यात परतायचा, दाणे हाताला चटका देतील इतके गरम झाले पाहिजेत. मग वाईन, साधारण दोन ग्लास. एकदम नाही. पहिली ओतली की चर्रर होऊन नाकात अल्कोहोलची वाफ जाते. ती वाफ बोचेनाशी होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. ही वाफ जाऊ दिली नाही तर भात शेवटपर्यंत कडवट राहतो. मी दोनदा खाल्लाय तसा. पुढे गरम स्टॉक पळीपळीने, पंधरा-सोळा मिनिटं. गॅस बंद करून लोण्याचा गार तुकडा आणि किसलेलं मोन्ते व्हेरोनेझे, आणि जोरात हलवणं. ताटली तिरकी केली की भात लाटेसारखा सरकला पाहिजे, मूद पडता कामा नये. रंग जांभळाच्या डागासारखा. दिसायला काही खास नाही, खरं सांगते.

आणि ४५ युरोची बाटली भातात ओतायला माझंही मन धजत नाही. मी रिपास्सो वापरते. अमारोने काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा आंबवतात, ती रिपास्सो. नारळाचं दुसरं दूध म्हणा. इथे १५-२० युरोत मिळते, आणि आपल्या लोकांना प्यायलाही तीच जास्त आवडते, असा माझा अनुभव.

मेथीची_जुडी

शाकाहारी लोकांनी या धाग्यावर नुसतं वास घेऊन परत जायचं का?

आदिजेकाठी

अजिबात नाही. रिसोत्तो भाज्यांच्या स्टॉकमध्ये करा, उत्तम होतो. सुकवलेल्या पोर्चिनी अळंब्या भिजवून त्यांचं पाणी घातलंत तर मांसाची आठवण येत नाही. भाजलेला राडिक्कियो (लालजांभळी, कडवट पानभाजी) आणि अक्रोड, किंवा भाजलेला भोपळा. फक्त एक सांगायला हवं: पार्मिजानो आणि इथली जुनी चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. कडक शाकाहारी असाल तर वनस्पतिजन्य रेनेट लिहिलेलं चीज शोधा.

स्पष्टच_बोलते

माझं मत विचारलं नाहीये, तरी. अमारोने ही वाईन नव्हे, जेवणानंतरचा सुका मेवा आहे. जेवणासोबत प्यायची थोर इटालियन रेड म्हणजे बारोलो. इटलीच्या वायव्येचा पिएमोंते प्रांत, नेब्बिओलो द्राक्ष, रंगाला फिकी पण टॅनिन असं की हिरड्या आवळतात, आणि वास डांबर आणि गुलाबाचा. मांस तिच्यात शिजवा, अंड्याच्या बारीक शेवयांवर आल्बाचं पांढरं ट्रफल (जमिनीखाली उगवणारी वासाची अळंबी) किसा, ती प्रत्येक घासाला जीभ धुऊन देते. अमारोने जिभेवर गालिचा अंथरते. दुसऱ्या ग्लासाला मी झोपते.

आदिजेकाठी

झोपण्याशी सहमत. गालिच्याशीही निम्मी सहमत. म्हणूनच मी आता तिला जेवणाच्या शेवटी नेते. इथली कितीतरी म्हातारी माणसं तेच करतात: जेवण संपलं, टेबल आवरलं, मग चीज, अक्रोड आणि एक छोटा ग्लास, तासभर. पण जानेवारीत बाहेर शून्य अंश असताना चार तास शिजलेल्या मांसासमोर मला बारोलो नको, हीच हवी.

मांडवीपार

गोव्यातून अनुभव: मित्राने आणलेली अमारोने आम्ही सोरपोतेलसोबत (डुकराच्या मांसाचा तिखट-आंबट रस्सा) उघडली. चूक. तिखटाचं वर आलंच आहे, पण खरा घात व्हिनेगरने केला. वाईन सपाट झाली, नुसती गोडसर, शाई प्यायल्यासारखी. दुसऱ्या दिवशी उरलेली रोस्ट बीफसोबत घेतली, मिरी आणि लसूण, बस. तेव्हा कळलं काय वस्तू आहे ती.

आणि "रूम टेम्परेचर"वर कृपा करून जाऊ नका. ते युरोपातल्या जुन्या घरांचं, १६ ते १८ अंश. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ३३ असते. फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, नाहीतर अल्कोहोलच नाकात जातो. तासभर आधी मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवली तर अजून बरं.

येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवणाऱ्यांसाठी: भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंतच सूट आहे. म्हणजे दोन बाटल्या, तिसरीचा मोह नको.

आदिजेकाठी

मूळ प्रश्नाचं उत्तर माझं मीच देते, कारण परवा पुन्हा बेत केला. त्याच मंडळींना बोलावलं, मिलानच्या काकूंसकट. या वेळी नवऱ्याला तांबड्यापासून लांब ठेवला (सोपं नव्हतं). मटणाचं अळणी काढतात ना, रश्श्याला मसाला लागायच्या आधीचं, तिथेच थांबलो. कांदा तुपात अगदी तपकिरी होईपर्यंत परतला, आलं-लसूण बेताचं, मिरी, आणि लाल तिखटाऐवजी आईने पाठवलेला गोडा मसाला एक चमचा. तीन तास मंद आचेवर. गोड्या मसाल्यातलं दगडफूल आणि भाजलेलं खोबरं यांचा जो धुरकट गोडसरपणा आहे, तो या वाईनच्या अगदी शेजारी बसतो. ज्वारीची भाकरीही चालली. पोलेंतापेक्षा काय वेगळं आहे म्हणा.

काकूंनी दुसरा ग्लास मागितला. यापलीकडे पुरावा माझ्याकडे नाही.

नाठाळ_नाना

अकरा जणांत किती बाटल्या?

आदिजेकाठी

तीन. झालं समाधान?

तासगावचा_मणी

धागा वर काढतोय. मेव्हणा जर्मनीहून सुट्टीला आला, त्याला सांगून एक अमारोने मागवली होती. काल रात्री उघडली. आमच्या घरात कुणी घेत नाही, त्यामुळे मी आणि मेव्हणा दोघंच, माळ्यावर. चीज नव्हतं, शेंगदाणे आणि आमचाच काळा पडलेला बेदाणा. चव मला अजून नीट सांगता येणार नाही. जड आहे, शेवटी तोंड आवळतं, पण बेदाण्यासोबत घोट घेतला की दोन्ही एकाच घरचे असल्यासारखे वाटतात.

तेवढ्यात वडील वर आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी ग्लास हातात घेतला, नाकाशी धरला, बराच वेळ तसाच. म्हणाले, "पडदा सोडलेली शेड. सहावा-सातवा दिवस." आणि ग्लास परत दिला.

मग किंमत विचारली. मेव्हण्याने रुपयांत सांगितली, चार हजारांच्या पुढे. किती किलोची? मी म्हटलं दोन किलोची. वडील जिन्यावर थांबले, मनातल्या मनात काहीतरी गुणाकार केला, आणि विचारलं, "तिकडं सौदा कोण काढतं?"